दरीपलीकडची उडी

मी एक मुका चित्रपट. आयुष्यभर तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून आता म्हातारपणी सावकाश थोडं बोलतोय. आज माझा दोनेक हातांचा तुकडाच उरलाय. पण एके काळी मी चांगला मोठा होतो, जड डब्यांतून फिरायचो.

माझा जन्म जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरातला. तिथल्या कोळसे पाडणाऱ्यांचा लाडका वीर म्हणजे वेंडेल. सरदारानं मीठ कोंडून ठेवलं, तेव्हा मिठाचं पोतं घेऊन वेंडेलनं घोड्यासकट दरी ओलांडली, असं तिथं सांगतात. त्याचीच गोष्ट माझ्यात होती.

वेंडेल व्हायला बर्लिनहून नट आला. देखणा होता. दरीच्या काठाशी गेला, खाली डोकावला आणि चार पावलं मागे सरकला. मग गावातल्या आल्बानला बोलावलं. घोडीला जुंपून जंगलातले ओंडके ओढून आणणारा हा माणूस. त्याला वेंडेलचा झगा चढवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ ठेवायला सांगितलं. त्यानं घोडीची मान थोपटली आणि उडी घेतली.

चेहरा नटाचा, उडी आल्बानची. माणसांत असं चालतं, हे मला तेव्हा कळलं.

गावच्या खानावळीत चादर ताणून मला पहिल्यांदा दाखवलं. उडी आली आणि आल्बानची बायको वाल्बुर्गा ताडकन उभी राहिली.

"अगं बाई, हे तर आमचे हे!"

"वहिनी, खाली बसा," मागून कुणीतरी ओरडलं. "बर्लिनचा नट बघून नवरा आठवला होय?"

"गप रे मेल्या! रोज सकाळी हीच पाठ जंगलाकडे जाताना बघते मी."

सगळे खो खो हसले. आल्बान कानापर्यंत लाल झाला. "बस ना गं, लोक बघतायत."

"बघू देत की!"

पुढे मी गावोगाव फिरलो. फाटलो, जोडला गेलो. मग चित्रपट बोलायला लागले आणि मला कुणी विचारीना. माझ्यासारखे मुके वितळवून त्यांतली चांदी काढून घेऊ लागले. माझी भावंडं तशीच गेली.

शेवटचा खेळ करायला मी पुन्हा त्याच खानावळीत आलो. आल्बान नव्हता. त्या हिवाळ्यात जंगलात झाड अंगावर पडून तो गेला होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. 'पुढच्या जत्रेत काढू,' म्हणत त्यानं ते कायम टाळलं होतं.

खेळ संपल्यावर वाल्बुर्गा मशीन चालवणाऱ्या टेओबाल्डजवळ आली.

"भाऊ, हा आता वितळवायला जाणार ना? मग त्यातले माझे धनी तेवढे मला काढून द्या."

"वहिनी, त्यात आल्बानचा चेहरा नाही हो. नुसती पाठ."

"चेहरा डोळे मिटले की दिसतो. पण त्या दिवशी जाताना पाठच बघितली मी. परत येताना बघायचं राहिलं."

टेओबाल्डनं हनुवटी खाजवली. मी मालकाचा माल. कळलं तर त्याची नोकरी जाणार. "मशिनीत फाटला म्हणून सांगेन," तो पुटपुटला. "फाटतातच की." त्यानं कात्री घेतली आणि मला उजेडासमोर धरलं. घोडी हवेत होती तिथं पातं टेकवलं.

"तिथं नको!" वाल्बुर्गानं त्याचा हात धरला. "अधांतरी नका ठेवू त्यांना. पलीकडे पोचू देत."

टेओबाल्डनं पातं उचललं. घोडीचे चारी पाय गवतावर टेकले, आल्बाननं तिची मान पुन्हा थोपटली, तिथपर्यंत मला सरकवलं आणि मग कापलं.

मी चटकन पेट घेणारा, म्हणून तिनं मला डब्यात घालून तळघरात सफरचंदांशेजारी गारव्यात ठेवलं. दर रविवारी खिडकीशी नेऊन बघायची. आता ती नाही. मी पिवळा पडलोय, आक्रसलोय. डबा तिच्या लेकीकडे आहे.

कधी तुमच्या हाती आलो, तर मला मशीनवर चढवू नका, मोडेन. खिडकीशी धरा. वरून खाली सावकाश बघत या. मध्येच डबा बंद करू नका. त्याला पलीकडे पोचू द्या.