वहीतला ठिपका

अवनीच्या कंपनीने हळदीकुंकू विकायला काढलं होतं, आणि ते कळल्यापासून नीरजाबाईंना सुनेकडे पाहताना हसू आवरत नव्हतं.

"विकत नाही हो आई. कुंकू फ्री आहे. वाण फक्त पेड आहे."

हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसून वीस-बावीस शिकलेली माणसं मोबाइलवर दिसणारी कुंकवाची कोयरी आणि चांदीची वाटी बनवत होती. ती वाटी मैत्रिणीच्या फोनवर जाऊन चकाकायची आणि चोवीस तासांनी नाहीशी व्हायची. किंमत एकोणपन्नास रुपये. वाटीला नथ घातली की नव्याण्णव.

"वाटीला नाक कुठे असतं गं?" नीरजाबाईंनी विचारलं.

"ते प्रीमियम आहे आई."

नीरजाबाई अडतीस वर्षं संक्रांतीचं हळदीकुंकू करत होत्या. महिनाभर आधी बोहरी आळीत जाऊन, दुकानदाराशी हुज्जत घालून त्या वाण आणत. कधी चहाची गाळणी, कधी कंगवे, कधी अ‍ॅल्युमिनियमची झाकणं. "तुझ्या झाकणाखाली माझं दही अजून लागतंय," असं एखादी आजही भेटली की सांगायची. नथवाल्या वाटीखाली काय लागणार होतं?

तरीही त्यांनी वही दिली. अवनी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, "संक्रांतीपर्यंत आमच्या अ‍ॅपवर बायका जमल्या नाहीत तर माझी टीम बंद करतील. तुमच्या वहीत त्रेसष्ट जणींचे नंबर आहेत. नुसत्या शुभेच्छा जातील हो." आणि तिने फोनने नावांच्या चारही पानांचे फोटो काढले.

त्या वहीत नऊ नावांपुढे शाईचा निळा ठिपका होता. तो का, हे नीरजाबाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची आई छत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. मग दर संक्रांतीला ती स्वयंपाकघरात तीळ भाजत बसायची आणि बाहेर बायका तिच्या हातचा तिळगूळ खायच्या. तिला कुणी हाक मारत नसे. स्वतःचं घर झाल्यावर नीरजाबाईंनी ठरवलं, आपल्याकडे नवरा गेलेली बाईही ओळीतच बसेल. पण कुंकू लावणाऱ्या दुसरीचा हात तिच्यापाशी अडखळला तर? म्हणून ठिपक्याची बाई आली की त्या स्वतः पुढे होत आणि सगळ्यांच्या आधी तिला कुंकू लावत.

नीरजाबाईंच्या नावाने निरोप आला म्हणून त्रेसष्टही जणींनी ते अ‍ॅप फोनमध्ये घेतलं. संक्रांतीच्या सकाळी चोपन्न जणींच्या फोनवर कुंकवाची कोयरी आली. नऊ जणींना मंद समई, पांढरं फूल आणि तुळशीची माळ आली. खाली लिहिलं होतं : 'मनःशांती पॅक. आता वेळ स्वतःसाठी.'

"आमच्या रोहनने ठिपक्यांचा पॅटर्न पकडला," अवनी कौतुकाने म्हणाली. "मला तिघी माहीत होत्या, बाकीच्या फेसबुकवरून बघितल्या. नऊच्या नऊ बरोबर! किती क्लीन डेटा ठेवलाय तुम्ही आई."

नीरजाबाईंच्या हातातला तिळगुळाचा डबा तसाच राहिला.

दुपारी दिवाणखाना भरला, पण त्या नऊंपैकी एकही आली नाही. मुक्ताई आली नाही म्हटल्यावर नीरजाबाईंना बसवेना. पोस्टातून निवृत्त झालेली मुक्ताई ही त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण. बाकीच्यांना कुंकू लावायचं सुनेवर सोपवून त्या तशाच उठल्या. रिक्षावाल्याने कसबा पेठेच्या तोंडाशी सोडलं. पुढे गल्लीतून चालत, पिशवीत कुंकवाचा करंडा आणि यंदाच्या वाणाची आल्याची किसणी घेऊन त्या मुक्ताईच्या दारात उभ्या राहिल्या.

"ये. माझी मनःशांती चालू आहे," मुक्ताई म्हणाली. "चप्पल बाहेर काढ."

"मुक्ते, ते मी नाही पाठवलं. त्या दीडशहाण्यांनी..."

"दीडशहाणे तर आहेतच. पण त्यांना कुणी सांगितलं?"

नीरजाबाईंनी सांगितलं. वही, ठिपका, सगळं. आईचंही. मुक्ताईने टेबलावरचा फोन उचलून ती माळ दाखवली.

"ही उद्या सकाळी जाईल म्हणे. माझा ठिपका किती वर्षं आहे?"

"बारा."

"श्याम गेले तेव्हापासून."

"तुला पहिलं कुंकू लावायचं म्हणून गं!"

"मला वाटायचं, नीरजाचा माझ्यावर जास्त जीव आहे, म्हणून मी पहिली." मुक्ताईने किसणी घेतली, बोटाने धार तपासली. "ही चांगली आहे, राहू दे. कुंकू आज नको. वहीत न बघता बोलावशील तेव्हा येईन."

नीरजाबाई करंडा न उघडताच घरी परतल्या. बायका गेल्या होत्या. त्यांनी न्हाणीघरात बादली भरली आणि वही पाण्यात घातली. शाईच्या पेनाने लिहिलेली अडतीस वर्षं निळी होऊन वर येऊ लागली.

अवनी दारात आली. "आई, हे काय? चैत्रातल्या हळदीकुंकवाला लागली असती ना! असू दे, माझ्याकडे फोटो आहेत. आणि नऊच जणींनी अ‍ॅप काढून टाकलंय, बाकी सगळ्या टिकल्यात."

"चोपन्न?"

"हो!" अवनीचा चेहरा फुलला.

नीरजाबाईंनी पदराला हात पुसले आणि स्वतःचा फोन तिच्यापुढे धरला.

"आधी तुझ्या फोनमधले ते चार फोटो माझ्यासमोर पूस. मग हे तुमचं दुकान फोनमधून कसं काढायचं ते मला शिकव. नीट, सावकाश शिकव. उद्यापासून चोपन्न घरी जाऊन शिकवायचंय मला."

"आई, माझी टीम..."

"त्यांना मनःशांती पॅक पाठव," नीरजाबाई म्हणाल्या. "हं, कुठलं बटण?"