छातीवरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. जुनी आहे, टाकाऊ नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण चाकूरच्या आमच्या घरात यावरून चांगलंच वाजलं होतं.

मला नांदेडच्या बाजारातून अक्षराने आणलं. तिच्या कॉलेजची सगळी वर्षं मी पुस्तकं वाहिली, डबा वाहिला, सांडलेलं वरणही सोसलं. मैत्रिणी म्हणायच्या, सॅक असावी तर अशी! मग तिला नोकरी लागली, खांद्याला पर्स आली, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदरांनी माझा कप्पा कुरतडला, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. राग येणार नाही तर काय?

त्याच सुमारास अक्षराच्या आजीने, लक्ष्मम्माने, श्रीशैलला पायी जायचं ठरवलं. पदयात्रेसोबत सामानाचा टेम्पो असतो, पण आपलं सामान आपल्याच पाठीवर, असा तिचा हट्ट. मुलगा मृत्युंजय म्हणाला, या वयात हे खूळ कशाला, गाडीने जाऊ. ती ऐकेना. शेवटी त्याने एक कोरी, महागडी सॅक आणली, तिच्यात ज्वारी भरली आणि अट घातली: गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन ये. जमलं तर जा, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही.

नवी सॅक मोठी ऐटबाज. मृत्युंजयने तिचा छातीवरचा पट्टा आवळला आणि लक्ष्मम्मा जागीच थांबली. या लिंगायत घरात प्रत्येकाच्या गळ्यात, छातीवर रुळणारं इष्टलिंग असतं, ते आंघोळीलाही कुणी उतरवत नाही. पट्टा नेमका त्याच्यावर बसला होता. सोडला तर सॅक खांद्यावरून घसरे. मृत्युंजय म्हणाला, मग लिंग तेवढं पाठीकडं सरकव, रस्त्यानं कोण बघायलंय?

लक्ष्मम्माने सॅक उतरवून त्याच्या हातात दिली.

"सारी हयात तुमच्या घराचं वझं वाहिलं, तवा कुणी टेम्पो आणला न्हाई. आता देवाला निघाले, तर देवालाच मागं सारू व्हय?"

मग तिने मला माळ्यावरून ओढून काढलं. छातीवरचा पट्टा मलाही होता. तिने कात्री घेतली. मी घाबरले? छे! म्हटलं, काप बिनधास्त. जुन्या लुगड्याच्या काठाचा नवा पट्टा तिने लिंगाच्या बराच खाली शिवला, कुरतडलेल्या जागी ठिगळ लावलं आणि ज्वारी माझ्यात ओतली. पुलापर्यंत गेलो, परत आलो. तिचे पाय लटपटत होते, माझी शिवण करकरत होती, पण दोघींनी माघार घेतली नाही. मृत्युंजय ओट्यावर बसून सगळं बघत होता.

निघायच्या सकाळी टेम्पोवाल्याने सामान मागितलं. लक्ष्मम्माने मान हलवली. तेवढ्यात मृत्युंजय पुढे आला. मला वाटलं, हा आता मला हिसकावणार. त्याने मला उचललं, आईच्या पाठीवर चढवलं आणि वाकून काठाच्या पट्ट्याची गाठ मारली.

"अव्वा, कुठं दाबत तर न्हाई ना?"

"न्हाई," ती म्हणाली आणि चालायला लागली.

श्रीशैलपर्यंत तिने टेम्पोकडे पाहिलं नाही, आणि मीही उसवले नाही. तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या सॅकांना झटका, शिवा, उंदरांच्या हवाली करू नका. आणि कुणाच्या काळजीपोटी पट्टा आवळायचाच झाला, तर आधी त्याला विचारा, कुठं दाबतंय का.