आठातले तीन मासे

आंधळगावच्या जागेश्वरला एकदा संशय आला, की तो त्याला लेकरासारखा पोसायचा. वीज खात्यात लाईनमन होता तेव्हा तारांवर आकडे टाकणारे हुडकण्यात त्याची हयात गेली. माणूस निवृत्त झाला, नजर काही झाली नाही.

बापाचा वेळ जावा म्हणून सचिनने, त्याच्या पुण्यातल्या मुलाने, बैठकीत काचेची टाकी बसवून दिली आणि तिच्यात आठ मासे सोडले. सिक्लिड म्हणे! आफ्रिकेतल्या एका तळ्यातून धरून आणलेले, अस्सल रानटी. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, पण मिजास विचारू नका. प्रत्येकाला राहायला एकेक शंख, आणि शेजारी नुसता फिरकला तरी हा त्याच्या अंगावर धावायचा. पाण्यात घातलेल्या बोटालाही टोचायचे लेकाचे. जागेश्वर त्यांच्यावर जीव टाकायचा. "पाह्य, पाह्य, आपल्या घरासाठी कसा भांडते!" असं आल्यागेल्याला सांगायचा.

शंख तुलारामने दिलेले. तुलाराम त्याचा शाळेपासूनचा मित्र, मच्छीमार सोसायटीतला जुना माणूस. गावतलावातल्या गोगलगाईंचे रिकामे शंख त्याने उकळून, टोपलीभर आणून दिले. रोज सकाळी येऊन तो माशांना डासांच्या अळ्याही टाकून जायचा.

आणि एका सोमवारी मासे सात भरले. पुढच्या सोमवारी सहा, त्याच्या पुढच्या पाच! मेलेला मासा नाही, काटा नाही. मांजर म्हणावं, तर टाकीवर झाकण. बायकोवर, निर्मलाबाईवर, डोळे वटारले, तर ती म्हणाली, "अजी, बोटभर मासे ते, त्याची भाजी तरी होते का?"

मग त्याने टाकीसमोर तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि आंघोळीला गेला. परत येऊन पाहतो तर पिठात तुलारामची पावलं. आता तुलाराम रोजच येतो, पावलं उमटणारच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण डोक्यात किडा शिरला की माणसाला कुठलं काय कळतं!

चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याने विचारलं, "काय रे तुलाराम, नागपूरले असा एक मासा कितीले जाते?"

तुलारामचा कप थांबला. "जागेश्वर, मी दहा किलोचा मासा उचलणारा माणूस. तुह्या करंगळीएवढ्या माशाले हात लावन काय?"

"सवय हाताची असते बाप्पा, वजनाची नाही."

तुलारामने कप खाली ठेवला आणि निघून गेला.

गावाच्या तोंडाला कुठे झाकण असतं? उन्हाळ्यात तलाव आटला की सोसायटी मासे धरते आणि काठच्या पाळीवर सभासदांचे वाटे घालते, प्रत्येकाचा एक ढीग. वीस वर्षं हे वाटे तुलारामच्या हाताने पडत आले. लहानमोठा मासा कुठे टाकायचा, ते त्याने ठरवायचं आणि बाकीच्यांनी पाठ फिरवून बिड्या ओढायच्या, एवढा विश्वास. यंदा सोसायटीचे अध्यक्ष भय्याजी म्हणाले, "वाटे दुसरा कोणी घालन." जागेश्वरच्या कानावर हे आलं तेव्हा तो "बरं झालं" म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

रविवार उजाडला. दर रविवारी तो टाकीतले शेवाळलेले तीन-चार शंख काढायचा, धुऊन छतावरच्या टोपलीत वाळवायला टाकायचा आणि टाकीत दुसरे ठेवायचा. तसे त्याने आजही नुकतेच काढून बादलीत ठेवले होते. तेवढ्यात छतावर वड्या घालायला गेलेली निर्मलाबाई ओरडली, "अजी, तुमच्या शंखाईले मुंग्या काहून लागल्या?"

त्याने वर जाऊन एक शंख आपटला, काही पडलं नाही. दगडाने फोडला. अगदी आतल्या वळणात मासा होता, वाळून कडक झालेला. टोपली उपडी करून त्याने सगळे शंख फोडले. तीन मासे निघाले. शंख उचलला की ते आणखी आत दडायचे, घर सोडायचे नाहीत, आणि हा त्यांना घरासकट उन्हात टाकायचा! जागेश्वर धावत खाली आला, बादलीतले शंख परत टाकीत सोडले. एकातून मासा बाहेर आला आणि सरळ त्याच्या बोटाला टोचला. जागेश्वरला रडू फुटलं.

तलावावर त्याच दिवशी मासे निघत होते. खांद्यावरच्या दुपट्ट्यात फुटके शंख बांधून तो पाळीवर गेला आणि सगळ्यांसमोर गाठ सोडली. "मासे मीच मारले. तुलारामवर खोटा आळ घेतला. चोर म्हणा तर मले म्हणा."

भय्याजींनी एक फुटका शंख उचलून पाहिला. "मग तुलाराम, चल, घाल वाटे."

तुलाराम बसल्या जागेवरून हलला नाही. "आज जागेश्वर घालन."

"मले कुठं येते?"

"लहान-मोठा मासा ओळखते ना? झालं तर."

जागेश्वर उकिडवा बसला. आज कोणी बिडी पेटवली नाही, कोणी पाठ फिरवली नाही. बावीस माणसं त्याच्या हाताकडे पाहत उभी राहिली. त्याने एक रोहू तिसऱ्या ढिगावर ठेवला, मग जास्त वाटला म्हणून उचलून पाचव्यावर टाकला.

"काहून उचलला?" मागून कोणीतरी म्हणालं.

"सारखं करून राहिलो ना बाप्पा..." त्याने रोहू परत तिसऱ्या ढिगावर ठेवला. त्याने मान वर करून तुलारामकडे पाहिलं. तुलारामही त्याच्या हाताकडेच पाहत होता.