बेडकाची बुडी

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, तरी गावभर त्या ‘बेडूकबाई’च राहिल्या. कारणही तसंच होतं. वीस वर्षांपूर्वी बाईंनी हट्टाने फ्लॅश हे चित्रं हलवणारं सॉफ्टवेअर शिकून कॉम्प्युटरवर एक हिरवा बेडूक काढला होता. अपूर्णांकांची बेरीज बरोबर आली, की तो दगडादगडांवरून उड्या मारत तळं ओलांडायचा. चुकली, की डुबुक! मग डोक्यावर शेवाळ घेऊन वर यायचा नि म्हणायचा, ‘परत!’

पुढे फ्लॅशच बंद पडलं. नव्या कॉम्प्युटरवर बेडूक उघडेना. शाळेतला शेवटचा जुना कॉम्प्युटर भंगारात जायच्या आदल्या दिवशी बाईंनी घाईघाईने फाइल उतरवून घेतली. मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं, “शुक्रवारी पाचवीला दाखवा. मुलं रमली तर ठेवू, नाहीतर राहू द्या.”

सून कॉम्प्युटरच्याच कामातली. तिने जुन्या फाइली चालवणारा प्रोग्राम शोधला आणि बेडूक उडाला! बाई हरखल्या. मग त्यांनी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. बेडूक हवेतच लटकला.

“आई, बुडी वेगळ्या फाइलमध्ये होती का?”

बाईंनी कपाळावर हात मारला. त्या काळी नेट मुंगीच्या पावलांनी चालायचं, म्हणून मुख्य फाइल हलकी राहावी यासाठी त्यांनीच ती वेगळी ठेवली होती. ती गेली भंगारात.

“जाऊ द्या ना. बरोबर उत्तराला तर उडतोय.”

“अगं, बरोबर येणाऱ्यांना बेडूक कशाला हवा? भित्री पोरं हात वर करायची ती त्या डुबुकसाठी!”

शुक्रवारी एक मुलगी दबकत पुढे आली. अर्धा अधिक पाव?

“दोन छेद सहा.”

बेडूक लटकला. मुलीचा चेहरा पडला. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं.

बाई उठल्या, गाल फुगवले आणि खुर्चीत धपकन बसल्या.

“डुबुक!”

मग डोक्यावर हिरवा रुमाल टाकून हळूच वर आल्या. “परत!”

वर्ग खो खो हसला. मुलगीही हसली. तिने बोटांवर पाव मोजले. “तीन छेद चार!” बेडूक टुणटुण पार.

“बाई, आता मी!” मागून कुणीतरी ओरडलं. “मी चुकणारच आहे!”

“बेडूक ठेवू या,” मुख्याध्यापिका हसू दाबत म्हणाल्या. “पण बुडी मारायला दर शुक्रवारी तुम्हालाच यावं लागेल.”