सगळ्यांच्या नावापुढं नाथाजी

पंचाण्णव साली विट्याजवळच्या एका गावात मतदारांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायचं काम चाललं होतं. ठेकेदारानं चावडीमागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून त्याला व्हिडिओ कॅमेरा जोडला होता. मशीन चालवायला आष्ट्याची प्रियदर्शनी कांबळे होती. सांगलीला युनिक्सचा कोर्स केल्यावर मिळालेली ही तिची पहिलीच नोकरी.

शेजारच्या गावात कुणीतरी केबल पळवली होती. तेव्हापासून ठेकेदाराचा माणूस भाऊसो बाहेर जाताना खोलीला कुलूप लावायचा, प्रियदर्शनी आत असली तरी.

"मशीन लय महागाचं हाय," तो म्हणायचा. "आन् तुला बाहेर काय काम हाय?"

त्या दिवशीही तो कुलूप लावून विट्याला गेला. फोटो उतरवून घ्यायच्या फ्लॉप्या संपल्या होत्या, त्या आणायला. सगळे फोटो तेवढ्या एका मशीनमध्येच होते.

तो गेल्यावर खिडकीच्या गजांपाशी एक बाई आली. हातात गावात तपासायला वाटलेली, नावं आणि फोटो छापलेली पानं.

"आगं पोरी, मी चंद्राबाई. माझ्या नावाम्होरं ह्यांच्या मिशा आल्यात की!"

हे म्हणजे तिचा नवरा नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. प्रियदर्शनीनं पानं चाळली. सगळ्यांचेच फोटो एक घर पुढं सरकले होते. पहिल्यांदा खुर्चीत चाचणीसाठी नाथाजीला बसवलं होतं, आणि मग त्याचा खरा फोटो पुन्हा काढला होता. म्हणून एक नंबर त्याचा, दोन नंबरही त्याचाच, आणि चंद्राबाईचा तीनवर.

"मावशी, आत्ता सरळ करते. तुम्ही बसा जरा."

एकेक फोटोचं नाव हातानं बदलायचं तर दिवस गेला असता. तिनं चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे मशीननं आपोआप पाळायचे हुकूम. प्रत्येक फोटोच्या नंबरातून एक वजा करायचा आणि ते नाव त्याला द्यायचं. लिहून झाल्यावर एंटर दाबलं. काम क्षणात झालं, म्हणून तिला बरं वाटलं.

मग तिनं फाइलींची यादी काढली. पडद्यावर एकच नाव उरलं होतं.

वजा करायच्या जागी तिनं अधिक लिहिलं होतं. पहिला फोटो दुसऱ्याच्या नावावर गेला आणि दुसरा पुसला गेला. तोच पुढं तिसऱ्याच्या नावावर, मग चौथ्याच्या. असं करत एका फोटोनं सगळं गाव पुसलं होतं. तिनं तो उघडला. टोपी सरळ करत बसलेला नाथाजी.

ती उठून दाराशी गेली, दार ओढलं. कडी वाजली, दार हललं नाही. सकाळपासून तिला लघवीला बाहेर जायचं होतं, ते आता एकदम सोसवेना. पत्र्याखाली खोली तापली होती. भाऊसो येईल, दार उघडेल, आणि दारात तोच उभा असेल. पळायचं म्हटलं तरी वाट त्याच्याच अंगावरून होती.

"झालं का गं सरळ?" बाहेरून चंद्राबाईनं विचारलं.

लाइट गेली, मशीन बिघडलं, काहीही सांगता आलं असतं. प्रियदर्शनी गज धरून उभी राहिली.

"मावशी, माझ्या हातनं सगळ्यांचे फोटो गेले. गावाचे. एकटे नाथाजीमामा राहिलेत."

चंद्राबाईनं दाराच्या कुलपाकडं बघितलं. "आन् तुला कोंडलंय व्हय ह्यात?"

"भाऊसोकडं किल्ली आहे."

चंद्राबाई तडक निघून गेली. आता गाव गोळा होणार, असं प्रियदर्शनीला वाटलं. गाव गोळा झालंही. पुढं नाथाजी होता.

"आवं ताई, क्यामेरा चालू हाय न्हवं?" तो म्हणाला. "मग काढा परत. हितनंच."

तिनं टेबल खिडकीशी ओढलं आणि कॅमेऱ्याचं तोंड दोन गजांच्या मधे बसवलं. बाहेर भिंतीपुढं खुर्ची ठेवली. नाथाजी नावं पुकारू लागला. कुणी हसलं, कुणी चिडलं. "लगीन तरी एकदाच हुतंय, आन् फोटू दोनदा!" म्हणत बनाबाई खुर्चीत बसली. प्रियदर्शनी प्रत्येक फोटोला लगेच खरा नंबर देत गेली. पाय आवळून, ओठ चावत. तरी ऊसतोडीला गेलेली, रानात असलेली माणसं राहिलीच.

उन्हं उतरल्यावर भाऊसो आला. कुलूप निघताच ती त्याला ओलांडून थेट चंद्राबाईच्या परसात गेली. परत येऊन तिनं सगळं सांगितलं.

"येडी का खुळी गं तू?" तो ओरडला. "लाइट गेली म्हण. माझं नाव खराब करतीस व्हय?"

"लाइट गेली न्हवती," नाथाजी म्हणाला. "आमी हितंच हुतो."

दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचे फोटो चावडीच्या कट्ट्यावर काढले. सगळे मिळाले नाहीत. त्यांची कार्डं त्या वर्षी निघालीच नाहीत, आणि आपला फोटो नाथाजीच्या फोटोनं पुसला म्हणून ते त्यालाच बोल लावत राहिले.

पुढच्या गावची खोली तशीच होती. एक दार, एक खिडकी. प्रियदर्शनीनं भाऊसोला सांगितलं, कुलूप लावणार असाल तर मी आत बसत नाही. त्यानं वाद घातला नाही. दुपारच्या गाडीनं सांगलीहून तिच्या जागी एक मुलगा बोलावला.

ती एसटीनं आष्ट्याला परतली. रस्ताभर उसाच्या गाड्या आडव्या येत होत्या आणि एसटी थांबत थांबत चालली होती. पहिलीच नोकरी का गेली, हे आईला काय सांगायचं, ते तिला घर येईपर्यंत सुचलं नाही.