मोरपंखीची उघडी बाजू

बहात्तरच्या दुष्काळात बन्सी घोडेगावच्या बाजारात म्हैस विकून घरी आला, त्या दिवसापासून त्याच्या बायकोचा, पुष्पावतीचा, जीव थाऱ्यावर नव्हता. म्हशीचं दुःख होतंच, पण धास्ती होती ती अंगणातल्या मोरपंखीच्या झाडाची: म्हैस गेली, आता पाण्यापायी तेही जाईल. तिचे वडील नगरला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. लग्नानंतर त्यांनीच ते रोप दिलेलं. आता ते तिच्या खांद्याला लागलं होतं. भांडी विसळलेलं पाणी ती त्याच्या बुंध्याशी ओतायची, आळ्यात उसाचं पाचट अंथरायची, धूळ बसली की ओल्या फडक्याने पानं पुसायची.

म्हैस गेल्यावर सासूबाई, आक्काबाई, रिकाम्या गोठ्यात उगाच दावं गुंडाळत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "ना फळ, ना फूल. माझी म्हस गेली अन् ह्ये झाड पानी पितंय."

पुष्पावतीने तरी भांड्यांचं पाणी झाडालाच ओतलं. पण दुष्काळी कामावर खडी फोडताना तिचं चित्त घरीच राहू लागलं. हातोडा बोटावर बसायचा. शेवटी एका दुपारी राहवेना. डोकं दुखतंय म्हणून मुकादमाला सांगून ती निघाली. वाटभर उपटून टाकलेलं झाडच डोळ्यांपुढे येत होतं.

अंगणात आली तर आक्काबाई विळा घेऊन झाडापाशी बसलेल्या. पत्र्याच्या भिंतीकडच्या फांद्या खाली पडलेल्या.

"आत्याबाई, काय केलं हे?"

"पत्र्याची झळ लागून ह्या अंगानं पार वाळलं हुतं. डाळिंबाचं वाळकं काढलं की नवं फुटतं, तसं काढलं. आता पत्र्याला गोनपाट टांगते." आक्काबाईंनी घाम पुसला. "माझ्या वाटचं पानीबी घातलं. घरात बसवत न्हाई गं मला. हाताला काय तरी पायजे."

पुष्पावतीला वडिलांचं सांगणं आठवलं. मोरपंखीचे हिरवे शेंडे खुशाल छाटावेत, पण जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथं पुन्हा फुटत नाही. ती रागाने बोलणारच होती. सासूचे ओरखडलेले हात दिसले, तशी तिने गोणपाटाचं दुसरं टोक धरलं.

त्यानंतर आक्काबाई रोज विचारायच्या, "फुटलं का गं?"

"बघू," ती म्हणायची, आणि ते "बघू" तिला दिवसभर टोचत राहायचं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. झाड शेंड्याने वाढलं, ती बाजू तशीच उघडी. एकदा चुलीपाशी पुष्पावती बोलून गेली, "आत्याबाई, तिथं आता न्हाई फुटायचं. त्या झाडाची जातच तशी हाय."

तव्यावरची भाकरी करपली, ती आक्काबाईंनी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "कवाच सांगायचं हुतंस. मी उगं रोज बघत हुते."

दोन दिवसांनी ती उघडी बाजू झाकायला त्यांनी तिथं दोडक्याचं बी टोचलं. वेल वर चढला की उरलेली पानंही झाकणार, उन्हावाचून वाळणार. पुष्पावतीला पुन्हा घोर लागला. या खेपेला मात्र ती गप्प राहिली नाही.

"वेल झाडावर नगं चढवायला. काठी लावू, हातभर लांब."

"बरं," म्हणत आक्काबाई काठी शोधायला परसात गेल्या. पुष्पावती तिथेच उकिडवी बसून, वेल कुठून कुठवर पोचेल ते नजरेने मोजत राहिली.