शेवंतीचा पगार

जुना आहे मी, मोडका नाही. हे आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा डोंबिवलीच्या त्र्यंबकरावांनी सुटे भाग जोडून मला उभा केला. ते एका कारखान्यात इंजिनिअर होते. मला ठेवलं मात्र त्यांचा गट सांभाळणाऱ्या मंदाकिनीताईंच्या घरी, पुढच्या खोलीत, कारण मी वर्गणीतून आलेला, सगळ्यांचा संगणक होतो.

गटातली ही मंडळी माझ्यावर मराठी लिहिण्याचा प्रोग्राम बनवत. तो कुणीही फुकट घ्यावा, आतून उघडून पाहावा, सुधारावा, असा त्यांचा नियम. कामाचे पैसे कुणीच घेत नसे. रविवारी खोली भरायची आणि मला मिरवावंसं वाटायचं.

पण नवं काही रचायला सगळेच पुढे असतात. चुका शोधायच्या, गावोगावच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, हे कंटाळवाणं काम कोलशेतच्या शेवंतीवर पडलं. तिची आई मासळी विकायची, बाप आजारी होता. कुणाकडे जोडाक्षर तुटायचं, कुणाची वेलांटी भलतीकडे जायची, शेवंती निस्तरायची. एके दिवशी ती म्हणाली, "ताई, मला दुकानात नोकरी मिळतेय. आता यायला नाही जमणार."

त्याच सुमारास छापखानेवाल्यांच्या एका संघाने देणगी दिली. मंदाकिनीताई म्हणाल्या, "यातून शेवंतीला पगार देऊ."

त्र्यंबकराव ताडकन उठले. "एकीला पैसे, मग बाकीचे काय खुळे? उद्या फुकट कोण करेल? सेवेची नोकरी झाली की संपलं."

शेवंतीने आवाज चढवला नाही. "सर, तुम्हाला कारखान्याचा पगार आहे, म्हणून तुमचा रविवार मोकळा. माझा नसतो. मी पैसे घेणार आणि कामही मनापासूनच करणार. मला लाज नाही वाटत."

"मग हा संगणक मी नेतो," म्हणत त्यांनी माझी वायर उपटली. माझा पडदा काळा झाला. ऐकू मात्र येत होतं. मंदाकिनीताई दारात उभ्या राहिल्या. "तुम्हाला जायचंय तर जा, त्र्यंबकराव. हा इथून हलणार नाही."

ते गेले. त्यांच्यामागे आणखी दोघे गेले. पैशाने फूट पाडली, असं लोक बोलले. मी ते तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. शेवंती रोज येऊ लागली. तुंबलेल्या तक्रारी सुटल्या, प्रोग्राम शाळांमध्ये पोचला. प्रोग्राममधला छपाईचा भाग तेवढा एका चुकीपाशी अडून राहिला. तो फक्त त्र्यंबकरावांना कळायचा.

वर्ष उलटल्यावर त्यांच्याकडून एक फ्लॉपी आली. छपाईची चूक त्यांनी दुरुस्त केली होती. आणणाऱ्याने निरोप सांगितला, "त्यांना पैसे नकोत. पण शेवंतीने तपासल्याशिवाय हे कुणाला देऊ नका म्हणाले."

शेवंतीने फ्लॉपी माझ्यात सरकवली आणि कामाला लागली. पगारी कामाला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण फुकट मिळालेल्या वस्तूमागे जी माणसं राबतात, त्यांना जपा. आणि त्यांनी पगार घेताना मान खाली घालावी, असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा.